दादांचं बीपी उभं राहिल्यावर किती?

आमच्याकडे दादांचं बीपी आधी बसवून घेतात आणि मग उभं करून. उभं राहिल्यावर एका मिनिटानं एकदा, तीन मिनिटांनी पुन्हा. पाहुण्यांना हा प्रकार नवा वाटतो. "अगं, बसू दे की त्यांना, कशाला तंगवतीस?" असं शेजारच्या काकू म्हणतात. पण ऐंशी ओलांडलेलं माणूस ज्या घरात बीपीची गोळी घेतंय, तिथं हे व्हायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

दादा म्हणजे माझे वडील, वय ८८. सगळी नोकरी शाहू मिलमध्ये गेली. आता कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझ्याजवळ असतात. बीपी जुनंच, जोडीला साखर. गेल्या पावसाळ्यात पहाटे लघवीला उठले आणि मोरीच्या दाराशी डोळ्यांपुढं अंधारी आली. चौकट हाताला लागली म्हणून पडले नाहीत. चहा झाल्यावर मोजलं तर आकडा चांगला, उलट थोडा जास्तच.

आमच्या डॉक्टरांनी त्यांना पाच मिनिटं टेबलावर आडवं ठेवलं, बीपी घेतलं, मग उभं करून पुन्हा घेतलं. वरचा आकडा १५६ वरून १२४ वर आला. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा २० नं किंवा खालचा १० नं उतरला, तर त्याची दखल घ्यायची, असा नियम त्यांनी सांगितला. दादांचा तर ३२ नं उतरला होता.

उठून उभं राहिलं की रक्त पायांकडं ओढलं जातं. तरुणपणी शरीर लगेच रक्तवाहिन्या आवळतं, ठोके वाढवतं, आणि आपल्याला काही कळतसुद्धा नाही. म्हातारपणी ही तत्परता मंदावते. मधुमेहानं नसा दुबळ्या झालेल्या असतात, वर गोळ्यांचा परिणाम. पहाटे हे जास्त होतं, आणि भरपेट जेवणानंतरही. रविवारी मटण-भाकरी आणि वाटीवर वाटी रस्सा झाला की दादा कट्ट्यावर जायला उठायचे आणि पायरीवर झोक जायचा. आम्ही ते झोपेवर ढकलत होतो. जेवल्यावर रक्त पोटाकडं वळतं आणि पुढचे एक-दोन तास बीपी उतरलेलं राहू शकतं, हे तेव्हा कळलं. आता ताट थोडं थोडं दोनदा वाढतो आणि जेवल्यावर त्यांना बसवून ठेवतो.

मग गोळी कशाला, असा प्रश्न घरात आलाच. चुलते म्हणाले, "ह्या वयात आता गोळ्या बास करा की." पुण्याचा भाऊ फोनवर अडून बसला, की १२० च्या खाली आणलंच पाहिजे. दोघांचीही दादांवर माया आहे, आणि दोघांचंही म्हणणं दादांना लागू पडत नव्हतं.

चुलत्यांची शंका एके काळी डॉक्टरांनाही होती. ऐंशीच्या पुढं औषध दिलं तर अर्धांगवायू टळेल, पण माणूस लवकर जाईल की काय, अशी भीती होती. २००८ साली 'हायव्हेट' नावाच्या चाचणीचे निकाल आले. ८० आणि त्यापुढच्या ३,८४५ लोकांवर ती झाली. वरचा आकडा १६० किंवा जास्त असलेली माणसं घेतली. निम्म्यांना इंडापामाइड ही बीपीची गोळी, लागलं तर जोडीला पेरिंडोप्रिल, आणि उद्दिष्ट १५०/८०. औषधवाल्यांत एकूण मृत्यू २१ टक्क्यांनी कमी, अर्धांगवायू सुमारे ३० टक्क्यांनी कमी, हार्ट फेल्युअर ६४ टक्क्यांनी कमी. फायदा इतका दिसला की चाचणी मुदतीआधी थांबवली. म्हणजे वय झालं म्हणून गोळी सोडायची नाही. माझ्या आजीला अर्धांगवायूनं पुढची सगळी वर्षं अंथरुणावर काढावी लागली, ते मी बघितलंय. दादांना ते मी येऊ देणार नाही.

पण त्या चाचणीतली माणसं कोण होती, हेही बघावं लागतं. उभं राहिल्यावर ज्यांचा वरचा आकडा १४० च्या खाली जायचा, त्यांना घेतलंच नव्हतं. दादा त्यात बसले नसते. भावाचा १२० चा आकडा आला २०१५ च्या 'स्प्रिंट' चाचणीतून. तिच्यात पंचाहत्तरीपुढचे २,६३६ लोक होते आणि त्यांनाही कडक नियंत्रणाचा फायदा झाला, हे खरंच आहे. मात्र मधुमेही, आधी अर्धांगवायू होऊन गेलेले आणि वृद्धाश्रमात राहणारे लोक तिच्यात नव्हते. शिवाय तिथलं बीपी शांत बसवून, मशीन आपोआप चालवून घेतलेलं. दवाखान्यात लगबगीत घेतलेला आकडा त्याच्याशी ताडून बघता येत नाही. पंच्याऐंशीचा माणूस रोज रंकाळ्याला फेरी मारून येत असेल, तर त्याच्यासाठी १३० बरोबर असेल. त्याच वयाचा दुसरा कॉटवरून उठताना थरथरतो. या दोघांना एकच आकडा लावणं मला पटत नाही.

दादांसाठी डॉक्टरांनी ठरवलं ते असं: बसून १४० ते १५० च्या दरम्यान, आणि उभं राहिल्यावर चक्कर नको. खालचा आकडा ६५ च्या आसपास असतो, त्यावर त्यांचं लक्ष असतं. मोठ्या रक्तवाहिन्या वयानं ताठ होतात, त्यामुळं वरचा चढतो आणि खालचा उतरतो. वरच्याच्या मागं लागून गोळ्या वाढवल्या की खालचाही आणखी खाली जातो.

डॉक्टरांनी बीपीच्या गोळ्यांआधी बाकीच्या गोळ्या बघितल्या, हे मला फार मोलाचं वाटलं. प्रोस्टेटसाठीची टॅमसुलोसिन उभं राहताना बीपी पाडू शकते, म्हणून ती रात्री झोपताना ठेवली. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक बंद केली, कारण ती बीपी चढवते आणि किडनीवरही ताण आणते. अॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीनं घोटे सुजले होते. त्या सुजेसाठी पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी देण्याऐवजी त्यांनी अॅम्लोडिपिनच निम्मी केली. टेल्मिसार्टन ही बीपीची दुसरी गोळी तशीच ठेवली. एका वेळी एकच बदल आणि मग काही आठवडे थांबायचं.

पाण्याच्या गोळीची मला आधीच धास्ती होती. इचलकरंजीची आत्या अशीच एकाएकी असंबद्ध बोलायला लागली, ताटाकडं बघून ओळखेना. घरच्यांना वाटलं वयामुळं. रक्त तपासलं तर सोडियम फारच खाली, ११८. गोळी बदलली, सोडियम हळूहळू भरून काढलं आणि आत्या पुन्हा नातवंडांची नावं घ्यायला लागली. ही गोळी अनेकांना उत्तम चालते, पण म्हाताऱ्या माणसाला ती सुरू केल्यावर काही आठवड्यांत सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारा आकडा) बघायलाच हवं.

मिठाचं सांगते, कारण कोल्हापुरात ते सोपं नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते, म्हणजे जेमतेम एक चमचा. आमच्याकडं कांदा-लसूण मसाल्यातच मीठ असतं, वर खर्डा, लोणचं, पापड. आम्ही भाजीत वरून मीठ घालणं थांबवलं आणि पापड बंद केला. खर्डा मात्र बोटभर ठेवलाय, कारण त्याशिवाय दादा भाकरी खात नाहीत, आणि या वयात वजन उतरणं हे मिठापेक्षा वाईट. लो-सोडियम मीठ आणलं नाही. त्यात पोटॅशियम असतं, आणि टेल्मिसार्टन चालू असताना किडनी थकलेली असली तर ते रक्तात साठू शकतं.

मोजण्याची रीत साधी आहे. लघवी करून यायचं, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेकवलेला, पट्टा उघड्या दंडावर. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा. दादांचा दंड आता बारीक झालाय, त्यांना लहान पट्टा लागतो. मोठ्या पट्ट्यात आकडा कमी यायचा.

पहाटे उठायच्या आधी ते आता उशाशी ठेवलेलं पेलाभर पाणी पितात, कॉटच्या कडेला पाय सोडून थोडा वेळ बसतात, पोटऱ्या हलवतात आणि मगच उठतात. "मिलमध्ये भोंगा झाला की पळत सुटायचो, आता उठायलाबी परवानगी," असं म्हणतात, पण ऐकतात. मोरीपर्यंत रात्रभर दिवा असतो आणि दाराशी धरायला दांडी बसवली आहे.

आता उन्हाळा येतोय. घाम, जुलाब, जेवण तुटणं यांत बीपी एकदम उतरू शकतं. अशा दिवशी गोळी द्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करायचा, असं ठरलंय. हे दिवसा दादांजवळ असणाऱ्या मावशींनाही सांगून ठेवलंय, आणि मशीन कसं लावायचं तेही त्या शिकल्यात.