सीडी त्याच दिवशी मागून घ्या

पहिल्या सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये ४.१ सेंटिमीटर, सहा महिन्यांनंतरच्या रिपोर्टमध्ये ४.७. आकडा कशाचा, तर माझ्या छातीतून खाली उतरणाऱ्या महाधमनीच्या रुंदीचा. तिथे अडीच सेंटिमीटरच्या आसपास रुंदी असावी असं धरतात. माझी आधीच फुगलेली, आणि आता सहा महिन्यांत सहा मिलिमीटरनं वाढली म्हणे. एवढ्या वेगानं वाढ असेल तर डॉक्टर ऑपरेशनचा विषय काढतात, आणि आमच्या सर्जनांनी तो काढलाच.

मला टाइप बी डिसेक्शन आहे. महाधमनीच्या भिंतीचा आतला थर फाटलाय आणि थरांच्या मधूनच रक्ताची दुसरी वाट झालीय. फाट हृदयालगतच्या भागात असली तर ते टाइप ए, त्यात लगेच छाती उघडावी लागते. माझी फाट डाव्या हाताकडे जाणाऱ्या फांदीच्या पुढे आहे. त्यामुळे बीपी आणि नाडी आटोक्यात ठेवणाऱ्या गोळ्या आणि कायमचा पहारा: साधारण पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्याला सीटी अँजिओ (शिरेतून औषध सोडून केलेला रक्तवाहिन्यांचा स्कॅन) आणि मग दरवर्षी. आयसीयू, मेडिक्लेम वगैरेबद्दल लिहीत नाही, ते नीट पार पडलं. माझं डोकं फिरवलं ते एका स्कॅन सेंटरच्या खिडकीनं.

सर्जन म्हणाले, “आधी जुन्या स्कॅनच्या इमेजेस आणा. रिपोर्ट नको, फिल्म नको. डायकॉम फाइल्स, म्हणजे स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइल्स, पाहिजेत.” कारण असं की महाधमनी सरळ नळी नाही, ती वळते. वळणावर आडवा छेद घेऊन मोजली तर तिरकी मोजली जाते आणि रुंदी फुगते. कोणी भिंतीसकट मोजतं, कोणी आतली पोकळीच. एक रेडिओलॉजिस्ट कमानीखाली मोजतो, दुसरा छातीच्या मध्यावर. सगळं नीट केलं तरी दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडू शकतो. म्हणून दोन्ही स्कॅन शेजारी लावून, एकाच माणसानं, एकाच पातळीवर मोजायला हवेत.

पहिला स्कॅन मी ॲडमिट असतानाचा. सेंटर हॉस्पिटलच्याच तळमजल्यावर, पण चालवणारी कंपनी वेगळी. हे मला खिडकीवर कळलं.

“काका, फिल्म दिल्यात ना तुम्हाला?”

दिल्यात. एकेका फिल्मवर तिकिटाएवढे चौकोन. मूळ स्कॅनमध्ये शेकड्यांनी पातळ छेद असतात, त्यातले निवडक तेवढे त्यावर छापलेले. त्यावर कोणी काय मोजणार?

“सीडी त्याच दिवशी मागायची असते. आता डेटा सर्व्हरवरून गेला असेल.”

‘असेल’ म्हणजे बघितलंत का, असं विचारल्यावर बघणारे सर जेवायला गेले होते. पुढच्या खेपेला सर भेटले, म्हणाले, पेशंट हॉस्पिटलचा आहे, त्यांच्या रेकॉर्ड विभागाचं पत्र आणा. रेकॉर्ड विभाग म्हणाला, स्कॅन आमचा नाही, पत्र कशाचं देणार? तिथून परत खाली. खाली नवी मुलगी, तिला पहिल्यापासून सगळं सांगा. छातीत असली भानगड घेऊन, बीपी वाढू द्यायचं नाही अशी सक्त ताकीद असताना, मी त्या खिडकीसमोर मनातल्या मनात आकडे मोजत उभा असायचो. आणि घरी रात्री तो सहा मिलिमीटरचा हिशेब.

शेवटी काम झालं ते कागदानं. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत लिहिलंय की दाखल असलेल्या रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपून ठेवायचे आणि रुग्णानं मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे. मी साध्या कागदावर अर्ज लिहिला, हा नियम त्यात घातला, स्कॅनची तारीख आणि पेशंट आयडी टाकला, वर वैद्यकीय अधीक्षकांचं नाव. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय हलू नका. तोंडी विनंती कुणालाच आठवत नाही.

गेलेला डेटा मग बॅकअपमध्ये सापडला. पहिली सीडी दिली त्यात रिपोर्टची पीडीएफ आणि दहाबारा फोटो! म्हणून सीडी खिडकीवरच, त्यांच्याच कॉम्प्युटरवर उघडून बघा. फाइल्स शेकड्यांनी दिसल्या पाहिजेत. दुसरी सीडी बरोबर निघाली.

सर्जनांच्या ओळखीच्या रेडिओलॉजिस्ट मॅडमनी दोन्ही स्कॅन शेजारी लावले. जुना ४.५, नवा ४.६. पहिल्या रिपोर्टमध्ये रुंद भाग सोडून खालची पातळी धरली होती. वाढ जवळजवळ नाहीच. ऑपरेशनचा विषय साडेपाच-सहाच्या आसपास, किंवा खरंच झपाट्यानं वाढलं तर. मी खाली येऊन दोन वडापाव खाल्ले, मीठ कमी करायला सांगितलेलं असताना.

मधल्या काळात मेव्हण्यानं टूम काढली होती, दर महिन्याला डी-डायमर (रक्तातली गुठळी विरघळल्याची खूण दाखवणारी तपासणी) करा, सीटीची कटकटच नको. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, अचानक दुखायला लागलेल्या माणसात तो कामाचा, कारण ५०० च्या खाली आला तर बहुतेक वेळा डिसेक्शन नाही असं धरायला आधार मिळतो. जुन्या रुग्णात खोट्या पोकळीत, म्हणजे थरांमधल्या त्या दुसऱ्या वाटेत, गुठळी बनते-विरघळते, त्यामुळे तो नुसताच वाढलेला राहू शकतो, आणि रुंदी किती हे काही सांगत नाही. शिवाय दोन लॅबची एककं वेगळी असली तर तेच रक्त जवळपास दुप्पट आकडा दाखवतं. सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासणीचंही तसंच, सर्दी-तापानंही चढतो.

रक्ताची कामाची तपासणी क्रिएटिनिन, किडनी कशी चाललीय ते सांगणारी. स्कॅनसाठी शिरेतून देतात त्या कॉन्ट्रास्ट औषधाचा भार किडनीवर पडतो म्हणून ताजा रिपोर्ट नसेल तर सेंटरवरून परत पाठवतात. दुसरं, किडनीची धमनी खोट्या पोकळीतून निघत असेल तर तिकडे रक्त कमी पडतंय का याचीही कुणकुण त्यातून लागते. स्कॅनच्या आधी दोन-चार दिवस करून ठेवा. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही आधी सांगा.

आता मी दरवेळी त्याच सेंटरला जातो, फॉर्मवर ‘मागील स्कॅनशी तुलना करावी’ असं डॉक्टरांकडून लिहून घेतो आणि पेन ड्राइव्ह बरोबर नेतो. लॅपटॉपला हल्ली सीडीची खाचच नसते. एक प्रत मुलीकडे असते.

आणि हो, सख्खी भावंडं आणि मुलं यांचीही तपासणी करायला सांगतात, कारण हे काही घराण्यांत उतरतं. निदान एक इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. मुलीनं लगेच केला. धाकट्या भावाला ‘पुढच्या आठवड्यात’ सवड होणार आहे, गेल्या दिवाळीपासून.