शोकेसमागचा डबा

हल्लीच्या टीव्हीत सगळेच असते असे दुकानदार सांगतो, आणि बऱ्याच अंशी ते खरेही असते. मालिका, सिनेमे, क्रिकेट, कीर्तने, पाककृती, सगळे एका रिमोटवर. मग हॉलमध्ये आणखी एक यंत्र कशाला जोडायचे, असे घरातल्या कोणीही विचारावे. माझ्या मते त्याचे उत्तर पोटमाळ्यावरच्या खोक्यात सापडते. आत्याच्या लग्नाची कॅसेट, धाकट्या भावाची मुंज, आजोबांची पंचाहत्तरी, गणपतीतल्या आरत्या आणि ओरखडे पडलेल्या पाचपन्नास सीड्या, हा ऐवज कोणत्याही कंपनीची कितीही वर्गणी भरली तरी टीव्हीवर उगवणार नाही. घरचे मीडिया सेंटर, म्हणजे आपल्याच चित्रफिती साठवून टीव्हीवर दाखवणारे यंत्र, उभारायचे ते यासाठी. जगाचा सिनेमा दाखवायला टीव्ही समर्थ आहे.

खर्च फार नाही. रास्पबेरी पाय ४ हा पत्त्यांच्या कॅटएवढा संगणक, त्याचा पाच व्होल्ट तीन अँपिअरचा अडॅप्टर, एक मेमरी कार्ड, मायक्रो एचडीएमआयची वायर आणि एक टीबीची हार्ड डिस्क, एवढे साहित्य पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एका फेरीत मिळते आणि सगळे मिळून मध्यम प्रतीच्या मोबाइलच्या निम्म्या किमतीच्या आसपास भागते. यात काटकसर कुठेही करावी, अडॅप्टरमध्ये मात्र करू नये. टीव्हीच्या यूएसबी खाचेतून वीज घेण्याचा मोह अनेकांना होतो, पण ती पुरत नाही आणि रास्पबेरी पाय अडखळू लागतो. अडगळीतला जुना डेस्कटॉप फुकट पडेल असे म्हणणारे वीजबिल विसरतात. पाच वॅटचा रास्पबेरी पाय अहोरात्र चालू ठेवला तरी महिन्याला साडेतीन-पावणेचार युनिट जातात. ऐंशी वॅटचा डेस्कटॉप तेवढ्याच वेळात सत्तावन्न युनिट घेतो. रास्पबेरी पाय ५ नवा आणि वेगवान आहे खरा, पण त्याला हेडफोनची खाच नाही. ज्यांच्या घरी अजून जुना अॅम्प्लिफायर आणि लाकडी स्पीकर आहेत त्यांना चारच सोयीचा. टीव्हीच्या चपट्या स्पीकरमधून नाट्यसंगीत ऐकण्यापेक्षा ते न ऐकलेले बरे.

कार्डावर लिब्रएलेक नावाची मोफत प्रणाली चढवली की ते यंत्र सुरू होताच थेट कोडी, म्हणजे साठवलेल्या चित्रफिती आणि गाणी टीव्हीवर लावणारा प्रोग्राम, उघडते. एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रासाठी हौशी मंडळींनी सुरू केलेल्या या प्रोग्रामला २०१४ साली कोडी हे नाव मिळाले. एक्सबॉक्सशी त्याचा संबंध तोवर उरलाही नव्हता. रिमोटचा प्रश्न टीव्हीच सोडवतो. एचडीएमआयच्या वायरीतून रिमोटच्या खुणा पलीकडच्या यंत्राला पोहोचवण्याची सोय बहुतेक टीव्हींत असते, फक्त प्रत्येक कंपनीने तिचे वेगळे बारसे केले आहे: सॅमसंगमध्ये अॅनीनेट, एलजीमध्ये सिम्पलिंक, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक. सेटिंगमध्ये जाऊन ती चालू केली की आईच्या हातातल्या नेहमीच्या रिमोटनेच सगळे चालते. ही सोय नसती, तर चौथ्या रिमोटच्या भीतीने तो डबा शोकेसमागे तसाच पडून राहिला असता.

खरे काम त्यानंतर सुरू होते. कॅसेट चालवणारे यंत्र, म्हणजे व्हीसीआर, बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ साली ते बनवणे थांबवले; त्यामुळे चालू स्थितीतला व्हीसीआर कोणाकडे तरी मागावा लागतो. कॅसेट संगणकात उतरवायला घाई चालत नाही, तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात. कोकणातल्या किंवा मुंबईच्या दमट हवेत ठेवलेल्या फितीवर पांढरी बुरशी धरलेली असली, तर ती आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी, नाहीतर व्हीसीआरचे हेड, म्हणजे फीत वाचणारा भागही, खराब होते. उतरवलेले चित्र नव्या पडद्यावर पाहताना नवरीने हात हलवला की त्याच्या कडांना करवतीसारखे दाते दिसतात, कारण जुन्या पद्धतीत प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत टिपले जाई. कोडीत डीइंटरलेसची, म्हणजे ते अर्धे जुळवून घेणारी, सेटिंग चालू केली की दाते नाहीसे होतात. मात्र गुलाबाच्या फुलात गोल फिरणारा नवरीचा चेहरा कोणत्याही सेटिंगने जात नाही. ती त्या काळच्या शूटिंगवाल्याची कला होती आणि तिचे वेगळे पैसे लागत.

एक कॅसेट चार ते सात जीबी जागा घेते, म्हणजे एक टीबीत सव्वाशेहून अधिक कॅसेटी सहज मावतात. अडचण येते ती नावांची. फोल्डरचा प्रकार ‘मूव्हीज’ असा निवडला, तर कोडी इंटरनेटवर त्या नावाचा सिनेमा शोधू लागते आणि आत्याच्या लग्नाला कुठल्यातरी परदेशी चित्रपटाचे पोस्टर चिकटवते; म्हणून घरच्या चित्रफिती साध्या फोल्डरांतच ठेवाव्यात आणि नावाच्या सुरुवातीला साल घालावे, म्हणजे त्या आपोआप क्रमाने लागतात. पण साल सांगणार कोण? कॅसेटवर बॉलपेनने नुसते ‘लग्न’ लिहिलेले असते. आमच्याकडे हे काम आई आणि मावशी करतात. सीमांतपूजनाच्या गर्दीत मागे उभ्या असलेल्या बाईच्या कडेवर मूल आहे की नाही यावरून त्या साल ठरवतात.

“अगं, थांबव जरा. ही नारायणपेठ वन्संनी आणलेली, म्हणजे हे भाऊंच्या रिटायरमेंटनंतरचं.”

“छे गं ताई, पंगतीत वाढतायत कोण बघ. भाऊ तेव्हा नोकरीतच होते, रजा काढून आले होते.”

साडी की रजा, यावर एक सबंध संध्याकाळ जाते आणि जिलेबीचे ताट तेवढा वेळ पडद्यावर गोठलेले राहते. एकमत होत नाही तोवर ती फीत ‘साल वादात’ या फोल्डरात जाते. तो फोल्डर सध्या सर्वांत मोठा आहे. भावाने आता नाशकातल्या त्याच्या घरी ठेवण्यासाठी सगळ्याची दुसरी प्रत मागितली आहे, डिस्क बिघडली तर हाताशी असावी म्हणून. मावशीची अट एवढीच, की त्या प्रतीत लग्नाचे साल तिने सांगितलेले असावे.