आमची वाटचाल: भुकटीपासून इलेक्ट्रोडपर्यंत

आमचा पहिला माल म्हणजे थिओफिलिन या दम्याच्या औषधाचा ठसा घेतलेल्या पॉलिमरची, एमआयपीची, भुकटी. रेणूभोवती पॉलिमर घडवायचा, मग रेणू धुऊन काढायचा; मागे त्याच्या आकाराची पोकळी राहते, तोच ठसा. या कामात शिकाऊ माणूस हाच रेणू आधी गिरवतो. थिओफिलिन आणि कॅफिन यांच्यातला एका मिथाइल गटाचा फरक असा पॉलिमर ओळखतो, हे स्वीडनमधल्या लुंडच्या क्लाउस मोसबाख यांच्या गटाने १९९३ मध्ये दाखवलं.

थिओफिलिन, आम्ल आणि ईजीडीएमए यांचं मोलमध्ये प्रमाण १:४:२०. १८० मिलिग्रॅम थिओफिलिन, ०.३४ मिलिलिटर मेथॅक्रिलिक आम्ल, साखळ्या एकमेकींना जोडणारं ३.८ मिलिलिटर ईजीडीएमए, अभिक्रिया सुरू करणारं ७० मिलिग्रॅम एआयबीएन आणि सगळं विरघळेल इतकाच क्लोरोफॉर्म. द्रावणातून नायट्रोजन वायू बुडबुडवून ६० अंशांवर २४ तास. ऑक्सिजन राहिला तर गोळा चिकट निघतो. मग कुटणं, चाळणं, सॉक्सलेटवर (द्रावक पुन्हापुन्हा फिरवून धुणाऱ्या उपकरणात) मिथेनॉल-ॲसेटिक आम्लाने (९:१) धुणं. कुटताना बराच माल धुळीतच जातो. नमुना गाळायला ही भुकटी उत्तम. सेन्सरला मात्र मंद, कारण कणाच्या पोटातल्या पोकळीत रेणू पोचला तरी इलेक्ट्रोडला पत्ता लागत नाही.

म्हणून थर थेट इलेक्ट्रोडवरच वाढवायला घेतला. ॲसिटेट बफर, पीएच ५.२, त्यात ज्याचा थर बनतो ते ५ मिलिमोलर ऑर्थो-फिनिलिनडायअमीन आणि थिओफिलिन, विभवाच्या ० ते ०.८ व्होल्ट अशा २० फेऱ्या. थिओफिलिनचं ऑक्सिडीकरण याच्या वर होतं, त्यामुळे ठसा शाबूत राहतो. हा पॉलिमर वीजरोधक, म्हणून वाढ आपोआप थांबते आणि थर अगदी पातळ राहतो. द्रावण मात्र ताजंच हवं; तपकिरी झालं की फेका.

छापील कार्बन इलेक्ट्रोडवर दोन खोड्या निघतात. चिपवरच्या चांदीच्या संदर्भ-इलेक्ट्रोडचं विभव क्लोराइडवर अवलंबून असतं, म्हणून बफरमध्ये पोटॅशियम क्लोराइड ठरावीकच घालावं लागतं. आणि मिथेनॉलमुळे काही चिपवरची शाई सुटते. तिथे धुण्याचं द्रावण सौम्य ठेवून वेळ वाढवतो.

तपासणी फेरीसायनाइडने, त्याच्या द्रावणात इलेक्ट्रोडवर येणारं प्रवाहाचं शिखर बघून. थर बसल्यावर शिखर पडायला हवं, धुतल्यावर परत यायला हवं, थिओफिलिन घातल्यावर पुन्हा उतरायला हवं. परत आलंच नाही तर थिओफिलिन आत अडकलंय. उघड्या कार्बनइतकं आलं तर थर निघालाय, मग आकडे कितीही गोड दिसोत.

थिओफिलिनशिवाय बनवलेला, म्हणजे बिनठशाचा, एनआयपी इलेक्ट्रोडही त्याच धुण्यातून जातो. थिओफिलिन घातल्यावर त्याचंही शिखर तेवढंच उतरलं, तर रेणू पोकळीत बसत नाहीये, पृष्ठभागाला नुसता चिकटतोय. असा घाणा आम्ही विकत नाही. प्रत्येक पाकिटात त्याच घाण्यातला एक एनआयपी असतो. ग्राहकाने आपल्या नमुन्यावर आधी तो लावून बघावा.