सोलापुरात बसून सेकंड लाइफची शिवारफेरी

सेकंड लाइफ हे इंटरनेटवरचं आभासी जग, तिथे जमीनही विकत घेता येते. तिथे आलेला नवा माणूस पहिल्या दिवसापासून टेलिपोर्ट करत, म्हणजे क्षणात एकीकडून दुसरीकडे उडी मारत सुटतो. या बाजारातून त्या क्लबात, तिथून कुठल्या तरी बेटावर. करमणूक होते, पण जमिनीचा थांग लागत नाही. म्हणून या मे महिन्यात, दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही अशा सोलापुरी उन्हात, जुळे सोलापूरच्या घरी पंख्याखाली बसून मी हेटेरोसेरा हा खंड पायी फिरले. शेजारी अप्पा होते. त्यांची सगळी नोकरी जिल्ह्यातल्या जमिनी मोजण्यात गेली. स्क्रीनवर हद्दीच्या रेषा उमटल्या तशी त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

लिंडन लॅब या कंपनीने हे जग २००३ मध्ये लोकांसाठी खुलं केलं. हेटेरोसेरा त्यातल्या जुन्या खंडांपैकी एक. इथल्या रीजनना, म्हणजे खंडाच्या चौकोनी तुकड्यांना, पतंग या कीटकाच्या जातींची नावं आहेत आणि मधून रेल्वेचा रूळ जातो. रूळ आणि रस्ते सार्वजनिक असल्यामुळे पायी फिरायला हाच खंड निवडा.

खंड एकसंध दिसतो, पण तो चौकोनी रीजनचा बनलेला आहे. प्रत्येक रीजन २५६ मीटर लांब, २५६ मीटर रुंद, म्हणजे ६५,५३६ चौरस मीटर. “सोळा एकर आठ गुंठ्याच्या आसपास,” अप्पांनी तोंडी हिशेब केला. वरच्या पट्टीत रीजनचं नाव आणि तीन आकडे दिसतात : पूर्वेकडचं अंतर, उत्तरेकडचं अंतर आणि उंची. पूर्वेला चालताना पहिला आकडा २५५ च्या पुढे जाऊन परत शून्यावर आला की तुम्ही दुसऱ्या रीजनमध्ये शिरलात. तिथे हलका झटका बसतो, कारण प्रत्येक रीजनचा सिम्युलेटर, म्हणजे तो चालवणारा सर्व्हरवरचा प्रोग्रॅम, वेगळा चालतो. गाडी किंवा बोट चालवत असाल तर हद्दीजवळ वेग कमी करा.

रीजनच्या आत पार्सल, म्हणजे एकेका मालकाचा जमिनीचा तुकडा. सर्वांत लहान पार्सल १६ चौरस मीटरचं, चार बाय चार. तुकडेबंदीच्या कायद्यात हयात गेलेल्या अप्पांना हे अजिबात पटलं नाही. “अगं, एवढ्या तुकड्याचा वेगळा मालक? शेजाऱ्यानं जगायचं कसं?” त्यांची शंका रास्त होती. अशा तुकड्यांवर जाहिरातींचे फलक उभारून मेनलँडवरच्या, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या खंडांवरच्या, शेजाऱ्यांना एकेकाळी भरपूर छळलं गेलं आहे.

आता मुख्य काम : जमीन घेण्याआधी ती कोणाची ते पाहणं. वर्ल्ड मेन्यूतून प्रॉपर्टी लाइन्स आणि लँड ओनर्स चालू करा. जमिनीवर रंग चढतात : हिरवी तुमची, लाल दुसऱ्याची, पिवळी विक्रीला. मग जमिनीवर राइट क्लिक करून अबाउट लँड उघडा. ही खिडकी म्हणजे तिथला सातबारा. मालक, क्षेत्र, कोण काय करू शकतं, सगळं तिथे नोंदलेलं. रस्त्याकडेची जमीन बहुतेक ठिकाणी गव्हर्नर लिंडनच्या नावावर, म्हणजे कंपनीची. तिला लागून पार्सल मिळालं तर त्या बाजूला कोणी भिंत उभी करणार नाही. माझ्या मते थोडे जास्त लिंडन डॉलर (तिथलं चलन) द्यावेत ते यासाठीच.

“मालकाच्या वर कोण, ते बघ आधी,” अप्पा म्हणाले. या प्रश्नावर बाकी सगळं अवलंबून आहे. मेनलँडवर तुमच्या वर थेट लिंडन लॅब. जमीन नावावर करायला प्रीमियम, म्हणजे पैसे भरून घ्यायचं सदस्यत्व लागतं. खासगी इस्टेटवर, म्हणजे कंपनीकडून कुणी घेतलेल्या रीजनवर मात्र रीजनचा मालक तिसराच असतो. तुम्ही पार्सल ‘विकत’ घेतलं तरी तो ते परत घेऊ शकतो. त्याने कंपनीचे पैसे थकवले तर तुमचंही घर जातं. तिथे कव्हेनंटचा, म्हणजे इस्टेटच्या अटींचा टॅब अक्षर न अक्षर वाचा : पुन्हा विकता येईल का, तुकडे पाडता येतील का, हे त्यात दिलेलं असतं.

क्षेत्रफळाला भुलू नका. वस्तू किती मांडता येतील तो आकडा वेगळा. मेनलँडच्या साध्या रीजनला तो २२,५०० आहे, म्हणून १,०२४ चौरस मीटरवर, म्हणजे आपल्या दहा गुंठ्यांवर, ३५१ मिळतात. होमस्टेड प्रकारच्या रीजनला तेवढ्याच क्षेत्राला फक्त ५,०००. तिथे त्याच दहा गुंठ्यांवर ७८. मोठ्या घरात चार खुर्च्या ठेवल्या की संपलं. आणखी एक : एकाच रीजनमधल्या तुमच्या पार्सलांचा हा आकडा एकत्र धरला जातो, शेजारच्या रीजनमधल्याचा धरला जात नाही. दुसरा तुकडा घ्यायचा तर त्याच रीजनमध्ये शोधा.

प्रीमियममध्ये १,०२४ चौरस मीटरपर्यंत वेगळी मासिक फी नाही. पुढे टप्प्याटप्प्याने चढते, आणि ती महिन्यातल्या सर्वाधिक जमीनधारणेवर आकारतात. त्यामुळे नवीन घेण्याआधी जुनी विका, नंतर नव्हे.

फिरताना लाल रेषांची भिंत दिसली तर ती मालकाने प्रवेश बंद केल्याची खूण. तिला धडका न देता रस्त्यावर या. काही पार्सलवर सुरक्षा यंत्रं असतात, ती तुम्हाला सरळ घरी पाठवून देतात. म्हणून निघताना आणि मग दर रीजनमध्ये लँडमार्क, म्हणजे परत तिथे येण्यासाठी जागेची नोंद, घेत चला. पसंत पडलेलं पार्सल वेगवेगळ्या वेळी पाहा. अमेरिकेतली संध्याकाळ ही आपली सकाळ, आणि शेजारी खरे कसे आहेत ते त्याच वेळी कळतं.