३२५ गुणांची खतावणी : आयोवा हॉकाइजच्या आक्रमणाची नोंदवही

३ सप्टेंबर २०२३

काल आयोवा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने, म्हणजे हॉकाइजनी, यूटा स्टेटला २४-१४ असे हरवले आणि मी नवी वही उघडली. सामन्याचे टिपण ठेवण्याचा छंद तुमच्यापैकी अनेकांना आहेच, त्यामुळे वही कशासाठी हे सांगायला नको; पण यंदाच्या वहीची मांडणी नेहमीपेक्षा निराळी आहे, म्हणून आधी तिचे कारण नोंदवतो.

कर्क फेरेंट्झ १९९९ पासून संघाचे मुख्य प्रशिक्षक आहेत आणि त्यांचे चिरंजीव ब्रायन २०१७ पासून समन्वयक म्हणून आक्रमणाचे डाव ठरवतात. नातेवाइकाच्या हाताखाली काम करण्याचा प्रश्न उद्भवू नये म्हणून कागदोपत्री ब्रायन हे वडिलांना नव्हे, तर विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांना जबाबदार आहेत. कागद काहीही म्हणो, मैदानावरचे डाव कोणत्या घरातून येतात हे सामन्याच्या दिवशी गाड्या लावून घेणाऱ्या पोरालाही ठाऊक असते. २०२२ च्या हंगामात संघाने सामन्यामागे १७.७ गुण मिळवले आणि एकूण यार्डांच्या (चेंडू पुढे नेलेल्या अंतराच्या) यादीत १३१ संघांमध्ये १३० वा क्रमांक पटकावला. त्या हंगामाचा पहिला सामना साउथ डकोटा स्टेटविरुद्ध ७-३ असा जिंकला होता. ७ ही संख्या पाहून कोणीही एक टचडाउन (चेंडू समोरच्याच्या गोलक्षेत्रात नेण्याचे सहा गुण) आणि वरचा एक जादा गुण झाला असे समजेल. प्रत्यक्षात ते एक फील्ड गोल (चेंडू लाथेने खांबांमधून मारण्याचे तीन गुण) आणि दोन सेफ्टी (समोरच्याला त्याच्याच गोलक्षेत्रात पाडण्याचे दोन-दोन गुण) होते, म्हणजे सातांपैकी चार गुण बचावाने कमावलेले होते.

यंदाच्या फेब्रुवारीत ब्रायन यांचा करार बदलण्यात आला. वेतन नऊ लाख डॉलरवरून साडेआठ लाखांवर आले आणि सामन्यामागे सरासरी २५ गुण व किमान सात विजय अशी अट घातली गेली. बारा सामने आणि एक बाउल (हंगामानंतरचा निमंत्रितांचा सामना) धरला, तर तेरा सामन्यांत ३२५ गुण हवेत. या अटीतली गंमत अशी की, बचावाने चेंडू हिसकावून केलेला टचडाउन किंवा समोरच्याने पंट मारलेला, म्हणजे लाथेने दूर धाडून देऊन टाकलेला, चेंडू परतवून मिळवलेले गुणही याच हिशेबात जमा होतात. आक्रमणाच्या प्रशिक्षकाची परीक्षा आणि पेपर दुसऱ्याने लिहिला तरी चालेल, असा हा प्रकार आहे. म्हणून माझ्या वहीत दोन खाती आहेत : एक कराराचे, ज्यात सगळे गुण येतील, आणि दुसरे माझे, ज्यात फक्त आक्रमणाने स्वतः कमावलेले गुण येतील.

पहिल्या दिवसाची नोंद : हवे २५, मिळाले २४.

१७ सप्टेंबर २०२३

तीन सामन्यांत ८५ गुण, सरासरी २८.३. कराराचे खाते नफ्यात आहे. आयोवा स्टेटविरुद्धच्या २० गुणांपैकी एक टचडाउन सेबॅस्टियन कास्ट्रोने चेंडू अडवून ३० यार्ड धावत केलेला होता, तो माझ्या खात्यातून वजा केला. कालच्या वेस्टर्न मिशिगनविरुद्धच्या ४१ गुणांनी आमच्या चाहत्यांच्या गटात लगेच दिवाळी सुरू झाली, मात्र टाइट एंड (वाट अडवणारा आणि पासही झेलणारा खेळाडू) ल्यूक लाची जखमी होऊन बाहेर गेला आहे. ज्या संघाची निम्मी पासिंग योजना टाइट एंडवर उभी असते, त्या संघासाठी ही नोंद गुणांइतकीच महत्त्वाची आहे.

२४ सप्टेंबर २०२३

पेन स्टेट ३१, आयोवा ०.

आयोवाचे एकूण यार्ड ७६, फर्स्ट डाउन (चार प्रयत्नांत, म्हणजे डाउनांत, दहा यार्ड पुढे गेल्यावर मिळणारी नवी संधी) चार आणि डाव ३३. पेन स्टेटचे डाव ९७. मी प्रत्येक डावासाठी वहीत एक ओळ ठेवतो. काल दोन पाने आखून ठेवली होती, त्यातले दुसरे जवळजवळ कोरे राहिले. सरासरी २१.२५ वर आली.

या सामन्यानंतर मी तिसरा रकाना सुरू करत आहे. तिसऱ्या डाउनवर पास टाकला गेला, तर तो जिथे झेलला जाईल ती जागा फर्स्ट डाउनच्या रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढेच त्यात लिहायचे. गेली दोन वर्षे टीव्हीसमोर बसून ज्याबद्दल मी चिडत आलो आहे, ते नेमके किती वेळा घडते आणि किती वेळा मला उगाच तसे वाटते, हे मला तपासायचे आहे.

८ ऑक्टोबर २०२३

मिशिगन स्टेटविरुद्ध क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) केड मॅकनमाराचा गुडघा गेला आणि हंगामही. आता त्याच्या जागी डीकन हिल. तो सामना २६-१६ असा जिंकला, पण चौथ्या सत्रात आघाडी मिळवून दिली ती कूपर डीजीनने ७० यार्डांवरून परतवलेल्या पंटने. तो टचडाउनही माझ्या खात्याबाहेर. काल पर्ड्यूवर २०-१४. सहा सामन्यांत १३१ गुण, सरासरी २१.८.

१५ ऑक्टोबर २०२३

मॅडिसनमध्ये विस्कॉन्सिनला १५-६ असे हरवले. हिलने १४ पासांपैकी सहा पूर्ण केले आणि ३७ यार्ड मिळवले. लेशॉन विल्यम्सची ८२ यार्डांची धाव सोडली, तर बाकीच्या दुपारचे वर्णन ‘चेंडू घेतला, परत दिला’ एवढ्या शब्दांत होते. दुसरा महत्त्वाचा टाइट एंड एरिक ऑल हाही जखमी झाला.

इथे ब्रायन यांच्या बाजूने एक गोष्ट नोंदवणे न्याय्य आहे. पहिला क्वार्टरबॅक आणि दोन्ही मुख्य टाइट एंड गमावल्यावर कोणत्याही समन्वयकाने काय केले असते, हा प्रश्न खोटा नाही. परंतु माझा तिसरा रकाना वेगळेच सांगतो. हिलच्या हाती दीर्घ पासचा अचूकपणा नाही हे मान्य केले, तर निदान पहिल्या डाउनवर, जेव्हा समोरचा बचाव धाव येणार म्हणून पुढे दाटून उभा असतो, तेव्हा धावेचे सोंग करून छोटा, सोपा पास टाकायला हवा होता. होते ते उलटे : पहिल्या डाउनवर त्याच दाटीत धाव, दुसऱ्यावर पुन्हा धाव, आणि मग तिसऱ्यावर, जेव्हा पास येणार हे सगळ्या स्टेडियमला ठाऊक असते तेव्हा, त्याच मुलाकडून पास. दुबळ्या खेळाडूला सर्वांत अवघड प्रसंगी पुढे करणे ही दुखापतींनी लादलेली गोष्ट नाही, ती निवड आहे.

कबड्डी पाहणाऱ्यांना हे चटकन कळेल. काही संघ पहिल्या दोन चढाया मुद्दाम रिकाम्या काढतात आणि तिसरी, ‘करो या मरो’ची, एखाद्या नवख्याच्या गळ्यात मारतात. कबड्डीत त्यामागे निदान वेळ काढण्याचे गणित असते. आयोवाचे गणित पंट मारण्याचे आहे.

२२ ऑक्टोबर २०२३

काल मी किनिक स्टेडियममध्ये होतो. मिनेसोटा १२, आयोवा १०. मिनेसोटाने या मैदानावर १९९९ नंतर प्रथमच विजय मिळवला, तोही चार फील्ड गोलांवर, एकही टचडाउन न करता.

सामना संपायला दीड मिनिटाहून कमी वेळ असताना डीजीनने पंट परतवून टचडाउन केला आणि आमच्या रांगेतले एक आजोबा अक्षरशः बाकावर चढले. मग पुनरावलोकन झाले, चेंडू येताना डीजीनने डावा हात हलवला तो फेअर कॅचचा (चेंडू फक्त झेलणार, घेऊन पळणार नाही असा) चुकीचा इशारा ठरला आणि टचडाउन रद्द झाला. आज सकाळपासून येणारे सगळे निरोप पंचांविषयीच आहेत. हात हलला होता आणि नियम तसा आहे; तो नियम त्या क्षणी लावणे शहाणपणाचे होते का, यावर हवे तेवढे बोलता येईल.

पण मला या चर्चेचाच राग येतो आहे, कारण ती आपल्याला सोयीची आहे. आयोवाच्या आक्रमणाने उत्तरार्धात एकूण १२ यार्ड मिळवले. संपूर्ण उत्तरार्धात, स्वतःच्या मैदानावर, बारा यार्ड. आपल्या इमारतीच्या जिन्यापासून फाटकापर्यंत चालत जाऊन परत यायला याहून जास्त अंतर पडते. दोन गुणांनी मागे असताना, हातात वेळ असताना, एखादा फील्ड गोल पुरेसा असताना, सामना फिरवण्याची सगळी आशा पंट परतवणाऱ्या एका खेळाडूवर ठेवावी लागते, ही पंचांची चूक नव्हे. माझ्या तिसऱ्या रकान्यात उत्तरार्धातल्या पासांपुढे ‘अलीकडे’ हाच शब्द इतक्यांदा आला की शेवटी मी नुसती ‘वरीलप्रमाणे’ची खूण करू लागलो.

आठ सामने, १५६ गुण, सरासरी १९.५.

३१ ऑक्टोबर २०२३

हंगामानंतर ब्रायन फेरेंट्झ संघासोबत राहणार नाहीत, असे प्रभारी क्रीडा संचालक बेथ गोएट्झ यांनी काल जाहीर केले. हंगाम संपेपर्यंत डाव तेच ठरवणार. वहीपुरते बोलायचे, तर ३२५ गाठण्यासाठी उरलेल्या पाच सामन्यांत १६९ गुण, म्हणजे सामन्यामागे ३३.८ हवे होते. हा आकडा लिहून झाल्यावर मी पेन्सिल खाली ठेवून थोडा वेळ हसलो.

मात्र जल्लोष करावासा वाटला नाही. पंट, मैदानावरील जागा, चेंडू न गमावणे आणि समोरच्याच्या चुकीची वाट पाहणे, हे तत्त्वज्ञान मुलाचे नाही, वडिलांचे आहे. ज्या संघाचा बचाव फिल पार्कर यांच्या हाती आहे, त्याला असे खेळणे परवडते आणि अनेकदा जिंकूनही देते. म्हणूनच तर ते पंचवीस वर्षे बदलले नाही.

२५ नोव्हेंबर २०२३

नॉर्थवेस्टर्न १०-७, रटगर्स २२-०, इलिनॉय १५-१३, नेब्रास्का १३-१०. चारही विजय. बिग टेन या आपल्या स्पर्धागटाच्या पश्चिम विभागाचे विजेतेपद आपले. रटगर्सचा अपवाद सोडला, तर हे सामने पाहणे म्हणजे दाताच्या डॉक्टरकडे आपला क्रमांक यायची वाट पाहण्यासारखे होते. नॉर्थवेस्टर्नविरुद्ध शेवटी ड्र्यू स्टीव्हन्सने ५३ यार्डांवरून फील्ड गोल मारला. काल नेब्रास्काविरुद्ध त्याच्या जागी आलेल्या मार्शल मीडरने तेच काम केले.

बारा सामने, २१६ गुण, सरासरी बरोबर १८. विजय दहा. या दोन ओळी एकाखाली एक लिहिल्या की कोणती खरी मानावी हे कळेनासे होते.

२ जानेवारी २०२४

मिशिगनविरुद्ध विजेतेपदाच्या लढतीत ०-२६, आणि काल सिट्रस बाउलमध्ये टेनेसीविरुद्ध ०-३५. चौदा सामन्यांअखेर गुण तेच, २१६, सरासरी १५.४. वहीतल्या शेवटच्या दोन ओळींत भर घालण्यासारखे काहीच नाही.

पंटर टोरी टेलरचे खाते मात्र वेगळ्या पानावर काढले आहे. मेलबर्नहून आलेल्या या खेळाडूने हंगामात ९३ पंट मारले आणि ४,४७९ यार्ड जमवले. एका हंगामातील पंटच्या यार्डांचा १९३८ पासूनचा विक्रम त्याने मोडला आणि सर्वोत्तम पंटरचा रे गाय पुरस्कारही मिळवला. आयोवाच्या आक्रमणाने चौदा सामन्यांत मिळवलेल्या एकूण यार्डांपेक्षा ही बेरीज जास्त आहे. किनिकमध्ये पंटरच्या नावाने जल्लोष होतो आणि ‘पंट म्हणजेच विजय’ अशा अर्थाचे टी-शर्ट लोक हौसेने घालतात. माझ्याकडेही एक आहे. पण विनोद म्हणून घातलेला सदरा चौथ्या-पाचव्या धुण्यानंतर कबुलीजबाबासारखा दिसू लागतो.

३१ डिसेंबर २०२४

वर्षभरात नोंदी विरळ झाल्या, त्याचे कारण सुखद आहे. नवे समन्वयक टिम लेस्टर यांनी स्नॅपच्या (चेंडू मागे देऊन डाव सुरू होण्याच्या) आधी खेळाडू हलवणे वाढवले, त्यामुळे बचावाला क्षणभर तरी विचार करावा लागतो, आणि त्याच जुन्या पद्धतीच्या धावांना वाट मिळू लागली. केलेब जॉन्सनने हंगामात १,५३७ यार्ड धावून २१ टचडाउन केले. २०२३ मध्येही तो याच संघात होता. माझ्या रागाला याहून चांगला पुरावा मला स्वतःला मांडता आला नसता.

करार संपला तरी ३२५ चे खाते मी चालूच ठेवले होते. अकराव्या सामन्यानंतर, मेरीलँडला २९-१३ असे हरवल्यावर, बेरीज ३२३ झाली. दोन गुण कमी. बाराव्या सामन्यात, २९ नोव्हेंबरला, समोर पुन्हा नेब्रास्का होते. जॉन्सनने एक छोटा पास घेऊन ७२ यार्ड पळत टचडाउन केला, स्टीव्हन्सने शेवटच्या क्षणी पुन्हा ५३ यार्डांवरूनच फील्ड गोल मारला, आणि धावफलक होता १३-१०, गेल्या वर्षीसारखाच. फक्त या वेळी बेरीज ३३६ झाली होती. काल मिसुरीविरुद्ध २४-२७ अशी हार पत्करून हंगाम संपला : तेरा सामने, ३६० गुण, सरासरी २७.७, विजय आठ.

होय, आठ. १५.४ च्या सरासरीने दहा आणि २७.७ च्या सरासरीने आठ. आमच्या गटातले एक काका, ज्यांनी २०२३ मध्ये टीव्हीचा रिमोट दोनदा सोफ्याखाली भिरकावला होता, ते आता हेच दोन आकडे दाखवून विचारतात, ‘मग काय मिळवलंस?’ त्यांना मी तिसरा रकाना उघडून दाखवला. क्वार्टरबॅक या हंगामातही तीन झाले, पासिंग अजूनही लंगडेच आहे आणि ‘अलीकडे’ हा शब्द तिथे अजूनही आहे. पण त्याच्याखाली सलग ओळीने ‘वरीलप्रमाणे’च्या खुणा नाहीत. काकांनी चष्मा कपाळावर चढवून दोन पाने वाचली, वही मिटली आणि पुढच्या हंगामासाठी स्वतःची वही कुठल्या दुकानातून घ्यावी, असे विचारले.