निर्वासित दुकानदाराला कर्ज देताना

‘निर्वासित आहे, उद्या पैसे घेऊन पळाला तर?’ ही कर्ज देणाऱ्याची ठरलेली शंका. युगांडातल्या नाकिवाले या निर्वासितांच्या वसाहतीत काँगोली, सोमाली, बुरुंडी दुकानदार वर्षानुवर्षं धंदा करतात. तिथे पळून जाण्यापेक्षा ओळख पटवणं जड जातं.

2006 च्या कायद्याने त्यांना काम करायची मुभा आहे. वाट्याला आलेली जमीन मात्र मालकीची नसते, म्हणून गहाणही ठेवता येत नाही. युगाफोडे या छोटी कर्जं देणाऱ्या संस्थेने 2020 मध्ये वसाहतीतच शाखा उघडली, ती उगाच नाही. शहरातून महिन्याला एक फेरी मारून इथे कुणाला ओळखता येत नाही.

पहिली चौकशी बचत गटात करावी. आपल्याकडच्या गटांसारखेच हे गट, फक्त पैसे तीन कुलपांच्या पेटीत आणि किल्ल्या तिघांकडे. पासबुकावरचे शिक्के, म्हणजे भरलेल्या बचतीच्या खुणा, नीट बघा: किती बैठका चुकल्या, कोणत्या महिन्यात शिक्के कमी पडले, गटाकडून घेतलेलं छोटं कर्ज कसं फेडलं. दुभाषा म्हणून गटाच्या अध्यक्षालाच बसवू नका. त्याच्यासमोर कुणी घरची अडचण सांगणार नाही.

ओळखपत्र, रेशनकार्ड आणि सिमकार्ड यांवर एकाच माणसाच्या नावाची तीन स्पेलिंगं सापडतात. हे पहिल्या भेटीतच जुळवून घ्यावं, नाहीतर मोबाइलवर रक्कम पाठवायच्या दिवशी सगळं अडतं. व्याज नको म्हणणाऱ्या सोमाली व्यापाऱ्याला संस्थेने माल घेऊन ठरलेल्या नफ्यावर विकावा. व्याजालाच ‘फी’ म्हटलं, तर ते त्याच्या लगेच लक्षात येतं.

खरी चूक हप्त्याच्या तारखेत होते. दुकानदार स्वतः मदत घेत नसला तरी त्याचं गिऱ्हाईक मदतीच्या पैशांवर जगतं. जुलै 2023 पासून संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने गरजेनुसार गट पाडून मदत द्यायला सुरुवात केली. त्यात गिऱ्हाइकाची मदत कमी झाली की आधी उधारीची वही फुगते, हप्ता नंतर थकतो. म्हणून भेटीत गल्ल्याआधी उधारीची वही मागावी. हप्ता मदतवाटपानंतरच्या आठवड्यात ठेवावा; मका पिकवणाऱ्याला मात्र काढणीनंतर एकरकमी फेड सोपी जाते.

पहिलं कर्ज लहान आणि थोड्या महिन्यांचं असावं. ते फिटल्यावर दुसरं रखडलं, की रिकाम्या फळ्या भरायला दुकानदार घाऊक व्यापाऱ्याकडून उधार माल उचलतो, आणि मग पुढची फेड आधी त्या व्यापाऱ्याचीच होते.