एका जन्मतारखेने अडवलेला अपार आयडी

माझ्या वर्गात ४१ मुलं. त्यातल्या ४० जणांचे अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा शैक्षणिक ओळख क्रमांक, चार दिवसांत निघाले. पालकांचं संमतीपत्र घ्यायचं, यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी पोर्टलवरचं नाव, जन्मतारीख, लिंग आधारशी जुळलं की १२ अंकी नंबर येतो. एकेचाळिसावीला मात्र दीड महिना लागला, आणि पोरीची त्यात काहीच चूक नव्हती.

शाळेच्या जनरल रजिस्टरला (प्रवेशाच्या नोंदवहीत) तिची जन्मतारीख १४ ऑगस्ट, आधारवर १ जानेवारी. साल तेच. तान्ही असताना आधार काढलं, तेव्हा अंदाजे टाकलेली तारीख.

तिची आई मजुरीला जाते. एका दिवसाचा रोज बुडवून ती आधार केंद्रावर गेली, जन्मदाखला दाखवला, चार तास रांगेत बसली आणि ‘सर्व्हर डाउन’ ऐकून परत आली. दुसऱ्या खेपेला शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर मी सोबत गेले. ऑपरेटरने जन्मदाखला पाहिला आणि परत सरकवला. “यावर मुलीचं नाव कुठंय, मॅडम?”

खरंच, नावापुढे नुसती रेघ. जन्माची नोंद बारशाआधी झालेली, नंतर नाव चढवायचं राहूनच गेलं. पण पहिल्या दिवशी हाच कागद याच खिडकीवर दिला होता ना? तेव्हाच हे एक वाक्य बोलला असता तर त्या माउलीचा दुसरा रोज वाचला असता. मला अजून राग येतो.

दाखल्यावर नाव नसेल तर घाबरू नका. जन्मनोंदणीपासून १५ वर्षांच्या आत, जिथे नोंद झाली तिथेच अर्ज करून नाव घालता येतं. आम्ही ग्रामपंचायतीत अर्ज दिला, शाळेचं बोनाफाइड जोडलं, नावासकट दाखला मिळाला. तिसऱ्या खेपेला काम झालं. ऑपरेटरने अर्ज पुढे पाठवण्याआधी स्क्रीनवरची तारीख स्वतः वाचा, कारण आधारवर जन्मतारीख साधारण एकदाच बदलून मिळते. मी तीनदा वाचली.

आधार दुरुस्त झाल्यावर शाळेतून पुन्हा माहिती भरली आणि नंबर आला. लगेच आईला फोन लावला. “आता परत जायचं नाही ना, बाई?” एवढंच तिने विचारलं.

यंदा जूनमध्ये पहिलीचे प्रवेश घेताना मी दाखला आणि आधार शेजारी ठेवून, तारखेवर बोट ठेवूनच रजिस्टरला नाव चढवलं. तुमच्या मुलाचं आधार आजच काढून बघा, १ जानेवारी दिसली तर दहावीची वाट पाहू नका.